मागचा कागद

सोनाळ्यात कुणी नवी छत्री घेतली की ती पावसात जाण्याआधी तायडे काकांच्या अंगणात जायची. काका छत्री उघडून तिची दांडी बाजेला बांधायचे, आतल्या बाजूला तळहाताएवढा पांढरा कागद चिकटवायचे, वरून तांब्यानं पाण्याची धार सोडायचे आणि गळ्यातलं स्टॉपवॉच दाबून कागदाकडे टक लावून बसायचे. छत्रीचा मालक समोर उकिडवा. परीक्षा छत्रीची, आणि घाम त्याला.

"गळते का काका?"

"सगळंच गळते. किती सेकंदानं गळते ते पाहून राह्यलो. गप बस."

गाव त्यांना पाठीमागे 'सेकंद तायडे' म्हणायचं. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं. ताडपत्री, पत्र्याच्या जोडावर लावायचं डांबर, चहाची गाळणी, रेनकोट, सगळ्यांमागे त्यांनी कागद लावून पाहिला होता. पुढाऱ्यांची भाषणंसुद्धा सुटली नाहीत. निवडणुकीत एक उमेदवार येऊन गेला. दुसऱ्या दिवशी पारावर कुणीतरी विचारलं, कसा बोलला? काका म्हणाले, "पंचेचाळीस सेकंद टिकला. मंग पह्यलं खोटं बोलला." पुतणीला बघायला पाहुणे आले तेव्हा नवऱ्या मुलाला त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "राग आल्यावर किती सेकंद गप राहू शकता?" मुलगा हसला. काकांनी स्टॉपवॉच दाबलं. तो अकराव्या सेकंदाला चिडला. लग्न दुसरीकडे झालं.

बुद्धविहाराच्या मागं त्यांचं दोन खोल्यांचं घर. उभी उमर त्यांनी एका सरकारी प्रयोगशाळेत काढली होती. शास्त्रज्ञ म्हणून नव्हे. तिथं हलकी कापडं तपासली जायची, विमानाला आणि जवानाच्या अंगाला लावण्यासाठी. पिसासारखी हलकी, आणि लेझरचा मारा झेलतील अशी. कापड लोखंडी चौकटीत ताणायचं, समोरून लेझर सोडायचा आणि ते किती वेळ तग धरतं ते बघायचं. काकांचं काम चौकटीमागे पांढरा कागद लावण्याचं, आणि त्यावर तपकिरी ठिपका उमटला की घड्याळ थांबवण्याचं. तीस वर्षं हेच.

"साहेब लोक समोरून पाह्यत," ते सांगायचे. "समोर लय मजा असते. धूर निंगते, ठिणगी उडते, कापड रंग बदलते. मी मागं. समोरून सगळेच शूर दिसतात बावा. मागचा कागद पाह्य."

"आणि कापड जळलं की नापास?" मी एकदा विचारलं होतं.

ते असे रागावले, जणू मी त्यांच्या आईला नावं ठेवली. "जळलं म्हंजे नापास नाही! जगात न जळनारं काही नाही. किती सेकंदात जळलं ते खरं नाही लेहलं, तो नापास. कापड नाही, लेहनारा नापास."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं तर पुढचा सगळा फजितवाडा झाला नसता.

माझं काम पत्रकं लिहिण्याचं. आमची शेतमजुरांची संघटना म्हणजे सहा पोरं, एक भोंगा आणि संग्रामपूरचा एक छापखाना. उद्गारचिन्हं माझ्याकडे पोत्यानं होती. काका माझं प्रत्येक पत्रक हातात घ्यायचे, मान उजवीकडे वळवून डाव्या डोळ्याजवळ धरायचे आणि पुरतं वाचून परत करायचे. मान वाकडी करून बघायची त्यांची ती लकबच होती. आम्ही पोरं तिची नक्कल करायचो. पत्रकावर शेरा ठरलेला: "आवाज चांगला आहे. आकडा कुठी आहे?"

आता कंपनीची गोष्ट. नाव घेत नाही. नाव घेतलं तर तिचा वकील माझ्या पत्रकापेक्षा चांगलं पत्रक लिहील.

कंपनीनं आधी आम्हाला बीटी कपाशीचं बियाणं दिलं. बोंडअळी येणारच नाही, म्हणाली. त्याच्या प्रचाराला तिनं बाजाराच्या मैदानात लेझर शो आणला. दिवेलागणीला अख्खं सोनाळं, आजूबाजूची खेडी, पोरंसोरं कडेवर घेऊन जमली. शाळेच्या भिंतीवर हिरव्या उजेडाची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उगवली, तिला उजेडाचं बोंड आलं, उजेडाची अळी आली आणि बोंडाला तोंड लावताच फटाक्यासारखी फुटून मेली. काय टाळ्या! कंपनीचा एरिया मॅनेजर माइकवर ओरडत होता, "अळी खतम! टेन्शन खतम!" मध्येच लेझरच्या मशीनवाल्यानं झोत लोकांवर फिरवला. लोक आणखी खूश.

आणि तायडे काका भिंतीकडे पाठ करून बसलेले. एवढंच नाही, आजूबाजूच्या पोरांची डोकी धरून धरून ते उलटी फिरवत होते. पोरं भोकाड पसरत होती.

"काका, काऊन पोट्ट्याईची मजा घालवून राह्यले?" एक बाई तडकली.

"बाई, डोयाची पापनी मिटाले टाइम लागते. ह्या उजेडाले येवाले टाइम नाही लागत. कोन जितन, तूच सांग."

मॅनेजर खाली उतरून आला. तरणाबांड, इस्त्रीचा शर्ट, सगळ्यांना 'बाबा' म्हणायची सवय. "बाबा, घाबरू नका, एकदम सेफ आहे. हा घ्या गॉगल," म्हणत त्यानं कंपनीचं नाव छापलेला प्लास्टिकचा हिरवट गॉगल काकांच्या हातात दिला. काकांनी गॉगल आकाशाकडे धरला, बोटानं काच वाकवून पाहिली. "हा कोन्त्या रंगाच्या लेझरसाठी आहे?"

"सगळ्या."

"सगळ्या रंगासाठीचा गॉगल म्हंजे डोयावर बांधलेला रुमाल. त्याच्यातून दिसत नाही." काकांनी गॉगल परत केला. "ज्याच्यातून सगळं दिसते, तो कायचाच नाही."

ते एवढं हलक्या आवाजात म्हणाले की मॅनेजरला वाटलं कौतुक केलं.

दोन-तीन हंगाम बरे गेले. मग अळी आली. गुलाबी, तब्येतीनं गुटगुटीत. तिनं लेझर शो बघितला नसावा. मग तीच कंपनी अळीवरचं औषध घेऊन आली. एका फवाऱ्यात काम भागेना तर दोन औषधं एकत्र करा म्हणाली. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, भादव्याचं ऊन, फवारणाऱ्याच्या तोंडावर सगळं उडतंय. शेजारच्या जिल्ह्यात फवारणी करणारी माणसं पडायला लागल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा तीच कंपनी 'सुरक्षा किट' घेऊन आली. दुखणं आणि दवा एकाच दुकानात मिळण्याची ही सोय शहरातल्या लोकांनाही नाही.

किटमध्ये पातळ पांढरा एप्रन, हातमोजे, तोंडाला मास्क आणि तोच हिरवट गॉगल. शाळेच्या पटांगणात मांडव, हार, फोटो. किट घेताना प्रत्येक फवारणीवाल्याकडून एका छापील कागदावर सही घेतली: 'मला किट मिळाले, त्याचा वापर समजला, मी ते वापरीन.' रशीदभाईनं सही केली तेव्हा मी शेजारी होतो. रशीदभाई म्हणजे गावातला सगळ्यात पक्का फवारणीवाला. स्वतःचं वावर नाही, पण अर्ध्या गावाचा फवारा त्याच्या पाठीवरचा. तो एप्रन अंगाला लावून हसला, "अरे ये तो मेरे निकाह के कुर्ते से बी हल्का है!"

काकांनी त्याच्याकडून एप्रन मागून घेतला. जुन्या पाटीची लाकडी चौकट काढली, एप्रनचा पदर तिच्यावर ताणून बसवला, मागे टीपकागद. बादलीत नीळ कालवली, रशीदभाईच्याच बॅटरी पंपात भरली आणि वावरात धरतात तेवढ्या अंतरावरून फवारा सोडला. मी वही घेऊन बसलो होतो.

चाळीसाव्या सेकंदाला कागदावर निळा ठिपका आला. मग दुसरा. मग कागदच निळा.

"चाळीस," काका म्हणाले. "लेह. आनि हे बी लेह, का फवारा थेट होता. वावरात थेंब उडून येते, तिथी याच्याहून जास्त टिकन. आनि मोजे चांगले आहेत. ते बी लेह."

"मोजे चांगले आहेत हे कशाला लिहू? आपण त्यांची जाहिरात करतो का?"

"चांगले आहेत म्हून लेह."

मी घरी गेलो आणि पत्रक लिहिलं. मोज्यांचं लिहिलं नाही. थेट फवाऱ्याचं लिहिलं नाही. आणि चाळीस सेकंद ह्या आकड्याकडे बघत बराच वेळ बसलो. चाळीस सेकंदानं कुणाचं रक्त तापतं? चाळीस सेकंद म्हणजे तर बराच वेळ वाटतो. मी मथळा केला: 'दहा सेकंदात गळणारं कवच!! शेतमजुरांच्या जिवाशी खेळ!!!' खाली ठळक: 'ज्येष्ठ तंत्रज्ञ तायडे यांच्या चाचणीत सिद्ध.' हजार प्रती. एका बाजूला छपाई, कागद बरा.

काकांनी पत्रक मान वळवून वाचलं. मी शाबासकीची वाट बघत होतो.

"दहा कोनं मोजले?"

"काका, मुद्दा तोच आहे ना. गळतं की नाही?"

"माह्यं नाव घालून दहा कोनं मोजले बे?"

मी म्हटलं, समोरचे एवढं खोटं बोलतात, आपण तीस सेकंद इकडेतिकडे केले तर काय बिघडलं? काका उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं. त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मला वाटलं, म्हातारा सरकारी आहे, सरकारीच राहणार.

पंधरा दिवसांत रशीदभाई पडला. भरदुपारी, वावरातच. एप्रन अंगात, मास्क तोंडाला, सगळं किट सही केल्याप्रमाणे. शेजारच्या वावरातल्या बायांनी त्याला धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, ओढून आणला. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या. दवाखान्यात आठ दिवस काढून तो परत आला तो थरथरत्या हातांनी. चहाचा कप त्याला बायको शमीमभाभी धरून पाजायची.

मग वरून चौकशीला तीन जण आले. कुठल्या खात्याचे ते शेवटपर्यंत आम्हाला कुणी सांगितलं नाही. सोबत मॅनेजर, आणि मॅनेजरसोबत एक टाइप केलेला कागद. कागदात लिहिलं होतं की फवारणी करताना रशीद यांनी कंपनीनं दिलेलं किट घातलं नव्हतं. त्यावर रशीदभाईनं सही केली की कंपनी 'माणुसकीच्या नात्यानं' औषधपाण्याची मदत करणार. नाही केली तर मदत नाही. आणि सही केली तर किट निर्दोष, औषध निर्दोष, पुढे जो कुणी पडेल तो स्वतःच्या हलगर्जीनं पडला असं धरून चालायचं. एवढं हलकं कवच मी जन्मात पाहिलं नाही. एक कागद, आणि अख्खी कंपनी त्याच्याआड झाकली गेली.

बैठक शाळेच्या व्हरांड्यात. गाव पटांगणात उभं. मी तावातावानं उठलो, पत्रक फडकवलं, भाषण ठोकलं. मॅनेजर शांतपणे हसला.

"साहेब, यांनी छापलंय, दहा सेकंदात गळतं. आपण समोरच बघू ना. वाटल्यास ह्या बाबांनीच चाचणी घ्यावी."

काका गर्दीत मागे उभे होते. चौकट, टीपकागद, नीळ, पंप, सगळं सोबत घेऊनच आले होते. ते पुढे झाले. नवा सीलबंद एप्रन उघडला, ताणला. फवारा सुरू झाला. मॅनेजर स्वतःच्या मोबाइलवर सेकंद मोजत होता, मोठ्यानं.

"आठ, नऊ, दहा! बघा साहेब. कागद कोरा!"

कागद खरंच कोरा होता. तिघांतल्या मोठ्या साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की माझी हजार पत्रकं माझ्या अंगावर फेकल्यासारखी वाटली. "घ्या लिहून," ते शेजारच्याला म्हणाले आणि पंप बंद करायची खूण केली.

काकांनी पंप बंद केला नाही.

"अकरा," ते म्हणाले. "बारा. तेरा."

"बाबा, झालं. चाचणी संपली."

"दहा त्या पोट्ट्यानं लेहले. खोटं लेहलं." हे त्यांनी सगळ्या गावासमोर, माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं. "माह्यी चाचनी संपली नाही. सतरा. अठरा."

पटांगणात कुणीतरी हसलं. मग कुणीतरी 'एकोनीस' म्हणालं. विसाव्याला पाचपन्नास आवाज होते. पंचविसाव्याला गुरं वळणारी पोरं, आठवडी बाजाराला आलेल्या बाया, मशिदीतून निघालेले म्हातारे, सगळे. मॅनेजर हातवारे करून काहीतरी सांगत होता, ते कुणालाच ऐकू येत नव्हतं. काका समोर बघतच नव्हते. ते चौकटीच्या मागे उकिडवे बसलेले, मान उजवीकडे वळवलेली, डावा डोळा कागदावर.

"सदोतीस! अडोतीस! एकोनचाळीस!"

निळा ठिपका आला. बोराएवढा, मग लिंबाएवढा. काकांनी घड्याळ दाबलं आणि कागद काढून साहेबांपुढे धरला.

"एकोनचाळीस. माह्या आधीच्या आकड्यात एका सेकंदाची चूक होती. ते बी लेहा साहेब. फवारा थेट होता, हे लेहा. मोजे चांगले आहेत, हे लेहा. आता ह्या मान्सानं एका जाग्यावर उभं राहून चाळीस सेकंद फवारा मारला होता का दिसभर, ते त्यालेच इचारा."

साहेब चष्मा पुसत राहिले. मॅनेजरनं टाइप केलेला कागद आणि पेन रशीदभाईपुढे सरकवला. "रशीदभाई, हे सगळं सोडा. तुमच्या उपचाराचं बघा. सही करा."

रशीदभाईच्या थरथरत्या बोटात पेन नीट बसेना. शमीमभाभी खाली बघत होती. घरात औषध संपलेलं, ते सगळ्या गल्लीला माहीत. त्यानं काकांकडे पाहिलं.

"सही करू नको," काका म्हणाले.

"काऊन काका? तुमचं काय जाते?"

"मी केली होती."

एवढंच. पण रशीदभाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला, वाकड्या मानेकडे, एका डोळ्याकडे. मग त्यानं पेन खाली ठेवलं. ठेवलं म्हणजे पडलं, पण परत उचललं नाही. "मैं पहना था साहब," तो म्हणाला. "पहना था. उसीके अंदर गिरा मैं."

परतताना मी काकांच्या मागून चाललो होतो, चोरासारखा. विहारापाशी ते थांबले आणि स्वतःहून बोलले. प्रयोगशाळेत एके दिवशी लेझर बदलला होता. आधी हिरवा असायचा, नवा आला तो डोळ्याला न दिसणारा. चष्मे मात्र हिरव्यासाठीचेच राहिले होते. काकांनी चष्मा घातला होता. "उजेड दिसलाच नाही. डोयात ठप्प आवाज आला. बस." उजवा डोळा गेला. चौकशी झाली. कागद आला: कर्मचाऱ्यानं संरक्षक चष्मा वापरला नव्हता. नोकरी टिकवायची असेल तर सही करा.

"तीस वर्षं म्या खरे सेकंद लेहले," काका म्हणाले. "एक कागद खोटा झाला. तो माह्याच डोयाचा."

आम्ही पोरं ज्या मानेची नक्कल करायचो ती आठवून मला तोंड लपवावंसं वाटलं.

त्या तिघांच्या समितीचा अहवाल आला. त्यात लिहिलं होतं: 'प्रचारपत्रकात नमूद केलेल्या दहा सेकंदांच्या मर्यादेत किट सुरक्षित आढळले.' खोटा एक शब्द नाही. एकोणचाळीसचा उल्लेखही नाही. माझा आकडा त्यांनी जपून वापरला. कंपनीची मदत आली नाही. वर्गणी करून गावानं रशीदभाईची औषधं चालवली. त्याचे हात अजून थरथरतात, पण कप तो स्वतः धरतो. त्याच्या सहीचा कागद मात्र कंपनीला मिळाला नाही, आणि पुढच्या साली पलीकडच्या खेड्यातला एक जण पडला तेव्हा त्यानंही सही केली नाही. म्हणाला, सोनाळ्याच्या रशीदनं नाही केली, मी काऊन करू?

मी दुसऱ्या तालुक्यात कामाला निघालो त्या सकाळी काकांना भेटायला गेलो. घरी नव्हते. वावराकडे गेलो तर धुऱ्यावर सापडले. डोक्यावर ओला पंचा, गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर थाळी. पऱ्हाटीत आठ-दहा जण फवारा मारत होते. अर्ध्या तासानं काकांनी थाळी बडवली. सगळे पंप बंद करून धुऱ्यावर आले, रांगेत उभे राहिले आणि प्रत्येकानं एप्रनच्या आतून, छातीवर चिकटवलेला तळहाताएवढा कागद काढून काकांपुढे धरला. काका मान वळवून एकेक बघत होते. "कोरा. जाय. कोरा. जाय. हा ओला झाला. जाय बे, साबनानं आंग धू, बनियन बदल, आज तुही सुट्टी." तो कुरकुरला. काकांनी पुन्हा थाळी बडवली. तो गेला.

मी जवळ जाऊन एक कागद उचलला. एका बाजूनं पांढरा. उलटा केला तर माझीच अक्षरं, चार भागांत कापलेली: 'कवच!! शेतमजु'. उरलेली पत्रकं मी त्यांच्या ओसरीत टाकून दिली होती. काकांनी सगळी कापली होती.

"कागद बरा आहे तुह्या पत्रकाचा," काका म्हणाले. माझ्याशी, विहारापाशी बोलले होते त्यानंतर पहिल्यांदाच. "मागून कोरा आहे. कामाचा आहे."

मग त्यांनी पिशवीतून नवा गठ्ठा काढला, उभ्या असलेल्यांच्या हातात एकेक दिला आणि डावा डोळा घड्याळाला लावून म्हणाले, "चाला. छापलेली बाजू आंगाकडं."